समालोचकांची बखर

१९८४ सालच्या जानेवारीत इंग्लंडमध्ये डार्ट्सच्या जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना रंगात आला होता. हा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नसल्यामुळे त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. भिंतीवर टांगलेल्या गोल फळ्यावर सुमारे ८ फुटांवरून लहानसे बाण नेम धरून फेकायचे आणि ते ज्या खणात रुततील त्या खणाचे गुण मोजायचे, इतकाच त्याचा विस्तार. आणि त्याचे संगोपन झाले ते कामकरी वस्त्यांतल्या मद्यगृहांत. एरिक ब्रिस्टो हा त्या काळचा या खेळातला चक्रवर्ती. प्रतिस्पर्धी डेव्ह व्हिटकोम्बची दाणादाण उडवीत तो विजयाकडे चालला असता बीबीसीचे समालोचक सिड वॉडेल यांना स्फुरण चढले आणि ते बोलून गेले, की मॅसिडोनियाचा अलेक्झांडर ३३ वर्षांचा असताना, जिंकायला आता जगच उरले नाही म्हणून ओक्साबोक्शी रडला; ब्रिस्टो तर अवघा २७ वर्षांचा आहे!

इंग्रजी क्रीडारसिकांना हे वाक्य मुखोद्गत आहे. त्याची शहानिशा करायला बसावे, तर मात्र एकेक खांब ढासळू लागतो. अलेक्झांडरचा जन्म ख्रिस्तपूर्व ३५६ मधला आणि मृत्यू ख्रिस्तपूर्व ३२३ च्या जूनमधला. वयाची ३३ वर्षे पुरी व्हायला काही आठवडे उरले असतानाच तो बाबिलोनमध्ये वारला, तेव्हा ३३ व्या वाढदिवशी रडण्याची सोय त्याला उरलेली नव्हती. रडण्याच्या कथेचा मूळ आधार ग्रीक चरित्रकार प्लुटार्क. पण प्लुटार्कच्या कथनात, विश्वे असंख्य आहेत असे अनाक्सार्कस या तत्त्वज्ञाच्या तोंडून ऐकून अलेक्झांडरच्या डोळ्यांत पाणी येते, कारण त्या असंख्यांपैकी एकाचेही स्वामित्व आपल्याला अद्याप साधलेले नाही याचे त्याला वैषम्य वाटते. लोकांच्या तोंडी असलेली कथा याच्या नेमकी उलट आहे. त्याच प्लुटार्कने एका चरित्रात ज्यूलियस सीझरलाही रडवले आहे: स्पेनमध्ये असताना अलेक्झांडरचे चरित्र वाचून, या वयात त्याने केवढी राज्ये पादाक्रांत केली आणि माझ्या हातून अजून काहीच घडले नाही, म्हणून सीझर अश्रू ढाळतो. वयांची तुलना करून रडणारा तो सीझर. वॉडेल यांनी त्याची ही तुलना आणि अलेक्झांडरचे अश्रू एकाच खाती टाकले. राहता राहिला ब्रिस्टो. त्याचा जन्म एप्रिल १९५७ चा, म्हणजे त्या दिवशी त्याचे वय २६ होते.

हा गृहस्थ अडाणी होता असे मात्र कोणी समजू नये. नॉर्थम्बरलंडमधल्या खाणकामगाराचा हा मुलगा केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात इतिहासच शिकला होता, आणि हेस्टिंग्जच्या लढाईपासून विल्यम टेलच्या सफरचंदापर्यंत सारी सामग्री त्याच्या भात्यात नेहमी तयार असे. डार्ट्सपटू फिल टेलरसारखा नेमबाज १०६६ साली हेस्टिंग्जला इंग्रजांच्या बाजूने उभा असता, तर नॉर्मन मंडळी आल्या पावली परतली असती, हाही त्याचाच सिद्धान्त. २०१२ साली वॉडेल निवर्तल्यावर व्यावसायिक डार्ट्सच्या जागतिक अजिंक्यपदाच्या करंडकाला त्यांचेच नाव देण्यात आले. खेळाडूंच्या करंडकाला वाचाळाचे नाव लाभण्याचा योग विरळा.

समालोचकाच्या चुकांचा विचार करताना दोन अगदी भिन्न प्रकृतीच्या गोष्टींची आपण गल्लत करतो. एक चूक जिभेची असते आणि दुसरी स्मृतीची. जिभेची चूक क्षणात जन्मते, क्षणात पकडली जाते आणि हशा पिकवून विरते. स्मृतीची चूक घोटून घोटून गुळगुळीत झालेली असते, ती ऐटीत येते, आणि तिला हटकण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. टीकाकार पहिलीवर तुटून पडतात. माझ्या मते तो प्रहार चुकीच्या ठिकाणी पडतो.

पहिल्या प्रकारची कुळकथा या व्यवसायाइतकीच जुनी आहे. बीबीसीने पहिले धावते समालोचन प्रक्षेपित केले ते १५ जानेवारी १९२७ रोजी, ट्विकनहॅमच्या मैदानावरून. सामना इंग्लंड आणि वेल्स यांच्यातल्या रग्बीचा आणि समालोचक टेडी वेकलम. ज्याला दिसत नाही त्याला खेळ सांगायचा आहे याचे भान राहावे म्हणून एक दृष्टिहीन श्रोता त्यांच्याजवळ बसवण्यात आला होता, आणि अपशब्द उच्चारू नये अशी ताकीद लिहिलेली एक पाटी समोर ठेवण्यात आली होती. म्हणजे जिभेवर भरवसा ठेवता येणार नाही, हे खात्याने पहिल्याच दिवशी ओळखले होते! पुढे ११ वर्षांनी, १९३८ च्या एफ. ए. कप या फुटबॉल स्पर्धेत प्रेस्टन आणि हडर्सफील्ड यांचा अंतिम सामना जादा वेळेच्याही शेवटच्या मिनिटापर्यंत गोलशून्य राहिला, तेव्हा समालोचन करणाऱ्या टॉमस वुडरूफ या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने, आता गोल झाला तर मी माझी टोपी खाईन, अशी प्रतिज्ञा करून टाकली. काही क्षणांतच प्रेस्टनला पेनल्टी मिळाली, जॉर्ज मचने गोल केला, आणि वुडरूफ यांना नंतर टोपीच्या आकाराचा केक खाऊन वचनपूर्ती करावी लागली. भीष्मप्रतिज्ञेचा इतका गोड शेवट अन्यत्र ऐकिवात नाही.

मोटारशर्यतींचे समालोचक मरे वॉकर यांनी तर या दोषालाच आपले वैभव बनवले. माझी फारशी चूक होत नसेल तर, असे म्हणून ते एखादे विधान ठणकावून करीत आणि पुढच्याच श्वासात, माझी फारच मोठी चूक होते आहे, अशी कबुली देत. मी चुका करीत नाही, भविष्ये वर्तवितो आणि ती तात्काळ खोटी ठरतात, हा त्यांचा स्वतःविषयीचा निवाडा. 'प्रायव्हेट आय' या लंडनच्या उपहासप्रधान पाक्षिकाने अशा वाक्यांचे एक सदरच चालवले आणि त्याला बीबीसीचे ख्यातनाम समालोचक डेव्हिड कोलमन यांचे नाव चिकटवले. गमतीचा भाग असा, की १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये क्यूबाचा धावपटू अल्बर्टो हुआन्तोरेना याच्याविषयी उच्चारलेले जे द्व्यर्थी वाक्य कोलमन यांच्या नावावर जगभर खपते, ते त्यांचे नसून त्यांचे सहकारी रॉन पिकरिंग यांचे आहे. समालोचकाच्या चुका मोजणारेही चुकतात, आणि त्यांची चूक मोजायला तिथे तिसरा कोणी बसलेला नसतो.

या घसरण्यामागे काही गूढ नाही. व्हिएन्नाचे भाषाशास्त्रज्ञ रुडोल्फ मेरिंगर यांनी कार्ल मायर यांच्यासमवेत १८९५ सालीच अशा स्खलनांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला होता. ही स्खलने वाटेल तशी घडत नाहीत. त्यांना नियम असतात, असे त्यातून दिसून आले. आपण बोलतो तेव्हा मन एका वेळी एकच शब्द बाहेर काढीत नाही. पुढचे चार शब्द अगोदरच उंबरठ्याशी येऊन उभे असतात आणि घाईत एखादा दुसऱ्याचा हात धरून आत-बाहेर होतो. फ्रॉइडने पुढे १९०१ मध्ये याच स्खलनांत दडपलेल्या वासनांचा माग काढला. समालोचकांच्या बाबतीत मात्र मेरिंगरचा साधा खुलासा मला अधिक पटतो. मैदानावर एक डोळा, समोरच्या पडद्यावर दुसरा, कानाला लावलेल्या यंत्रातून निर्मात्याच्या सूचना, शेजारी बसलेल्या आकडेशास्त्र्याने हाती सरकवलेली चिठ्ठी, आणि या सर्वांतून वाट काढीत मिनिटाला शे-दीडशे शब्दांचा अखंड ओघ: अशा अवस्थेत नावांची अदलाबदल झाली नसती तरच नवल. पुन्हा लेखकाप्रमाणे लिहिलेले खोडण्याची मुभा येथे नाही.

स्मृतीची चूक घडते ती नेमकी उलट परिस्थितीत. इतिहासाचा दाखला समालोचक देतो तो खेळ थांबलेला असताना: पाऊस पडतो आहे, फलंदाज हातमोजे बदलतो आहे, धावपटू अजून सुरुवातीच्या रेषेवर यायचे आहेत. सवड आहे, स्वर संथ आहे, आणि म्हणूनच श्रोता ते वचन प्रमाण मानतो. क्रिकेटमधल्या १११ या आकड्याची कथा याचे सुरेख उदाहरण आहे. धावसंख्या १११ झाली की त्याला 'नेल्सन' म्हणायचे, तो आकडा अशुभ मानायचा, आणि कारण विचारले तर नेल्सनला एक डोळा, एक हात आणि एक पाय होता असे सांगायचे, ही परंपरा इंग्रजी समालोचनकक्षात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. डेव्हिड शेफर्ड हे स्थूलदेही आणि लोकप्रिय पंच तर धावफलकावर १११, २२२ किंवा ३३३ लागताच एक पाय जमिनीवरून उचलून धरीत. आता नौसेनापती नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या कॅल्वीच्या वेढ्यात गेली आणि उजवा हात १७९७ मध्ये टेनेरीफच्या स्वारीत गेला, हे खरे. पाय मात्र दोन्ही शाबूत होते, आणि १८०५ साली ट्रॅफल्गारच्या विजयाच्या दिवशी प्राण गेला तो त्या दोन्ही पायांनिशी. तरीही ११ नोव्हेंबर २०११ रोजी केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर, ११ वाजून ११ मिनिटांनी, दक्षिण आफ्रिकेला ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजयासाठी नेमक्या १११ धावा हव्या होत्या, तेव्हा प्रेक्षकांसह पंच इयन गूल्ड एका पायावर उभे राहिले. नेल्सनला त्याच्या देशबांधवांनी जो लंगडेपणा बहाल केला, तो फ्रेंचांच्या तोफांनाही साधला नव्हता.

ऑस्ट्रेलियात धास्ती ८७ या आकड्याची. शंभराला १३ कमी म्हणून तो सैतानाचा, आणि या समजुतीचे मूळ तिथलेच क्रिकेटपटू कीथ मिलर यांच्या बालपणाशी जोडले जाते: मेलबर्नच्या मैदानावर ब्रॅडमनला ८७ वर बाद होताना त्यांनी पाहिले, म्हणे. पुढे मिलर यांनी स्वतःच जुन्या नोंदींशी रुजुवात घातली, तर ब्रॅडमनच्या धावा ८९ निघाल्या. मूळ साक्षीदाराने जबानी फिरवली तरी खटला आपला चालूच आहे.

याच नेल्सनची दुसरी गाठ पडते ती नॉर्वेत. ९ सप्टेंबर १९८१ रोजी ऑस्लो येथे फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रताफेरीत नॉर्वेने इंग्लंडचा २-१ असा पराभव केला, तेव्हा ब्यॉर्गे लिलेलिएन या नॉर्वेजियन समालोचकाला इतका हर्षवायू झाला, की त्याने अर्धी नॉर्वेजियन आणि अर्धी इंग्रजी अशा मिश्र वाणीत, वीरांची जन्मभूमी असलेल्या इंग्लंडातल्या विभूतींना एकेक करून हाका मारल्या: लॉर्ड नेल्सन, लॉर्ड बीव्हरब्रुक, सर विन्स्टन चर्चिल, सर अँथनी ईडन, क्लेमंट ॲटली, हेन्री कूपर, लेडी डायना, आणि शेवटी मॅगी थॅचर यांना, ऐकू येते आहे का, असे विचारून, तुमच्या पोरांनी बेदम मार खाल्ला, अशी वर्दी दिली. यादी तपासली तर मोठी मौज आहे. आठांपैकी पाच कधीच कैलासवासी झालेले. बीव्हरब्रुक हा वृत्तपत्रांचा धनी मुळात कॅनडात जन्मलेला. हेन्री कूपर हा मुष्टियोद्धा, आणि तो पंतप्रधानांच्या पंक्तीला बसलेला. डायना सहा आठवड्यांपूर्वीच युवराजांशी विवाहबद्ध होऊन वेल्सची राजकन्या झालेली, तेव्हा तिची पदवीही मागची. पण आरंभी नेल्सन यावा, यात मला आंधळा का होईना, एक न्याय दिसतो. १८०१ साली नेल्सनने कोपनहेगनच्या बंदरात ज्या आरमाराचा धुव्वा उडवला, ते डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्या संयुक्त राज्याचे होते. माघारीचा इशारा दिसू नये म्हणून त्याने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली, ती आख्यायिकाही त्याच लढाईची. १८० वर्षांनी नॉर्वेच्या एका नागरिकाने त्याला प्रथम हाक मारली, हे लिलेलिएनच्या मनात होते की नव्हते, कोण जाणे. त्या गटात नॉर्वे अखेर तळाला राहिला आणि मार खाल्लेला इंग्लंड मात्र विश्वचषकाला पात्र ठरला, हा उपसंहार कोणी सांगत नाही.

लिलेलिएनला आणि वॉडेलला मी सर्व गुन्हे माफ करतो. मद्यगृहातल्या खेळाला अलेक्झांडरच्या सिंहासनाशेजारी बसवण्यात जे हास्य आहे, ते हास्य करणाऱ्याला ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही. माझी फिर्याद आहे ती गंभीर चेहऱ्याने सांगितल्या जाणाऱ्या इतिहासाविरुद्ध. दर ४ वर्षांनी ऑलिंपिकमधली मॅरॅथॉन शर्यत सुरू झाली, की कोणीतरी सद्गदित कंठाने ख्रिस्तपूर्व ४९० मधली ती कथा सांगतोच: फिडिपिडीस नावाचा दूत मॅरॅथॉनच्या रणांगणातून अथेन्सपर्यंत धावत आला, विजयाची वार्ता त्याने दिली आणि तो गतप्राण झाला. या युद्धाचा आपला सर्वांत जुना इतिहासकार हिरोडोटस. त्याच्या ग्रंथात हा दूत लढाईपूर्वी अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, मदत मागायला धावतो आणि कामगिरी पार पाडून जिवंत राहतो. विजयाची वार्ता देऊन मरणारा धावक भेटतो तो प्लुटार्क आणि लुशियन यांच्या लेखनात, घटनेनंतर सुमारे ६ शतकांनी, आणि प्लुटार्कने दिलेली नावेही वेगळीच. १८७९ साली रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने दोन्ही कथा एकत्र गुंफल्या, आणि फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांच्या सूचनेवरून १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शर्यत अवतरली. तिचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतरही ग्रीकांचे नव्हे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारातल्या राजासनापर्यंत ते भरले, आणि १९२१ मध्ये कायम झाले. ज्योत हाती घेऊन देशोदेशी धावण्याची 'प्राचीन' प्रथा तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी कार्ल डीम यांनी काढलेली.

आपल्या देशातही ही परंपरा समृद्ध आहे. १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे समालोचन करणारे बॉबी तल्यारखान दिवसभर एकटेच बोलत. शेजारी दुसरा समालोचक त्यांना खपत नसे, आणि नभोवाणीने तशी पद्धत पाडली तेव्हा ते दूर झाले. मराठीत बाळ ज. पंडित आणि वि. वि. करमरकर यांसारख्या जाणत्यांनी हे दालन उभे केले. पण आमची खास राष्ट्रीय दंतकथा फुटबॉलची आहे. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून भारताने १९५० चा ब्राझीलमधला विश्वचषक सोडला, हे दर विश्वचषकाच्या वेळी कोणी ना कोणी ऐकवतोच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले, हे खरे. पण १९५२ साली हेलसिंकीतही अनेक जण अनवाणीच होते, आणि युगोस्लाव्हियाने १० गोल चढवल्यानंतर बुटांची सक्ती केली ती आपल्याच महासंघाने. १९५० मध्ये ब्राझील बहुतांश खर्च सोसायला तयार होता. आपल्या महासंघाला ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची मातब्बरी वाटली नाही. संघनिवडीचे वाद आणि सरावाला न मिळालेला अवधी ही कारणे पुढे करण्यात आली. संघाचे नेतृत्व ज्यांच्याकडे जायचे होते त्या शैलेन मन्ना यांनीही पुढे अनवाणी पायांच्या कथेला दुजोरा दिला नाही. तथापि दफ्तरदिरंगाईपेक्षा अनवाणी पाय ऐकायला अधिक हृदयस्पर्शी असतात.

आपले बखरकार असेच लिहीत. सैन्याचे आकडे फुगवावेत, संवाद रचावेत, ऐकीव हकिकत डोळ्यांदेखत घडल्यासारखी वर्णावी, हा त्यांचा रिवाज. १८९८ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी पानिपतकालीन अस्सल पत्रांचा पहिला खंड प्रसिद्ध करून बखरींचे वाभाडे काढले. समालोचकांच्या मागे असा राजवाडे लागलेला नाही, म्हणून त्यांची बखर अबाधित चालते. आणि पानिपताचेच पाहा. मराठी क्रीडापानावर एखादा संघ डावाने हरला, की त्याचे पानिपत होते. एकाकी लढणारा फलंदाज अभिमन्यू ठरतो, आणि अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर आलाच नव्हता हे सांगायचे राहून जाते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारानंतर विजयी अब्दाली दिल्लीत टिकला नाही, तो स्वदेशी परतला. आणि १७७१ च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली, पुढे महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमला तख्तावर आणून बसवले. तेव्हा ते शीर्षक वाचून पराभूत कर्णधाराने हताश होण्याचे काही कारण नाही. उपमा अक्षरशः खरी मानली तर राज्य परत मिळणारच आहे. फक्त निवड समितीची त्याच्यासाठी १० वर्षे थांबण्याची तयारी हवी.